टेबलावरची हजेरी

"मोबाइल जिथे, विद्यार्थी तिथे. ॲपच्या हजेरीवर प्रश्न विचारायचा नाही," असं कॉलेजात पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

वनस्पतिशास्त्राच्या सरांनीच आम्हाला आठवडाभर टेकडीवर झाडं मोजायला नेलं. टेकडी ॲपच्या हद्दीबाहेर, म्हणून आम्ही सगळे गैरहजर! बाकीच्यांनी मुकाट्याने माफीपत्रं दिली. मी दिलं नाही, म्हणून मला संचालक मंडळासमोर बोलावलं.

"माफीपत्र लिही, नाहीतर परीक्षा विसर," अध्यक्ष शेवाळेसाहेब गरजले.

मी मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाले.

"अगं ए, कुठं चाललीस?"

"मी कुठं गेलेय, साहेब? ॲप बघा, तुमच्यासमोरच आहे. माफीपत्र त्या टेबलावरच्या मुलीकडून घ्या. मी लिहिणार नाही."

सगळे मोबाइलकडे बघत राहिले.