बुडालेली वाटी

पूर्वी शोणपूर नगरात धृतिमान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी परटाच्या घरी जन्म घेतला होता. नदीच्या घाटावर त्यांचा धुण्याचा दगड होता. राजवाड्याचे धुणे त्यांच्याकडे असे, आणि राजवाड्याचे धुणे ज्याच्याकडे, त्याच्या चुलीला विझण्याचे भय नसे.

राजा मनाने वाईट नव्हता. ज्या म्हाताऱ्यांचे मागे-पुढे कुणी उरले नाही, ज्यांना उठून घोटभर पाणी घेता येत नाही, अशांच्या घरी दिवसातून तीनदा परिचारिका पाठवावी, अशी त्याने आज्ञा केली होती. काठावर राजमुद्रा विणलेल्या दोन दोन चादरीही प्रत्येकाला दिल्या होत्या. मग या कामावर निपुणक नावाचा अध्यक्ष नेमून राजा निश्चिंत झाला. राजे निश्चिंत झाले की प्रजेने सावध व्हावे.

या निपुणकाने आयुष्यात कुणा आजाऱ्याची कूस बदलली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली, की तीत हळूहळू पाणी शिरते आणि अर्ध्या घटकेत ती बुडते. मुहूर्त गाठायला जोशी असेच पात्र वापरतात. निपुणकाने अशी एकेक वाटी प्रत्येक परिचारिकेच्या कमरेला बांधली. घरात शिरताच ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, आणि बुडाली की हातातले काम टाकून पुढच्या घरी जायचे. अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे, सारे त्यातच. रोज सकाळी तो राजासमोर उभा राहून म्हणे, "महाराज, काल सर्व घरी वाट्या बुडाल्या." राजा समाधानाने मान डोलावी. त्या घरांतली माणसे जगतात की कुजतात, हे कुणी विचारीत नसे.

बोधिसत्त्वांना ते चादरींवरून कळले. घराघरातले जे शेजाऱ्याला दिसत नाही ते परटाला दिसते. म्हाताऱ्यांच्या चादरी महिना महिना धुवायला येत नसत. आल्या तर एका जुन्या डागाच्या आत दुसरा आणि दुसऱ्याच्या आत तिसरा असे. एके दिवशी गाठोड्यातून एक चादर निघाली. तिच्या मधोमध, कमरेखाली येते त्या जागी, रक्त आणि पू वाळून कापड कडक झाले होते. निजून निजून पडलेल्या जखमेचा तो डाग होता. बोधिसत्त्वांनी ती पाण्यात घातली नाही. घडी करून खांद्यावर टाकली आणि ती कुणाची आहे याचा शोध घेत निघाले.

ती रेवा नावाच्या म्हातारीची होती. रेवा सुईण होती. अर्धे शोणपूर तिच्या हातांवर जन्मले होते. अडलेल्या बाळंतिणीपाशी ती दोन दोन दिवस बसून राही, पण तिने कधी घाई केली नव्हती. आता तिचे हातपाय हलत नव्हते.

बोधिसत्त्व दारात पोचले तेव्हा सामा नावाची परिचारिका रेवेला पेज भरवत होती. रेवा घाईघाईने गिळत होती, ठसकत होती, आणि तिची नजर घंगाळाकडे होती. तेवढ्यात वाटी बुडाली. सामेच्या हातातली पळी रेवेच्या ओठांपासून चार बोटांवर होती. सामेने ती पळी तशीच भांड्यात ठेवली, वाटी कमरेला खोचली आणि ती बाहेर पडली.

"अगं पोरी, तोंडाशी आलेला घास तरी घालायचास!" बोधिसत्त्व कडाडले.

सामा वळली. तिचे डोळे भरले होते. "दादा, अजून अकरा घरं आहेत. इथं थांबले की पुढचा म्हातारा ओल्यात पडून राहतो. परवा थांबले होते मी, हिची जखम धुवायला. अध्यक्षांना कळलं, त्यांनी मला दोन घरं वाढवून दिली." एवढे बोलून ती जवळजवळ धावतच गेली.

बोधिसत्त्वांनी उरलेली पेज भरवली. मग त्यांनी रेवेला कुशीवर वळवले, आणि जे दिसले त्याने त्यांचा संताप अनावर झाला. जखम हाडापर्यंत पोचली होती.

"बाळा," रेवा म्हणाली, "तू वाटी कुठं ठेवलीस?"

"माझ्याकडं वाटी नाही, माय."

"मग थोडा वेळ बसतोस?"

ते दुपारपर्यंत बसले. उठले ते थेट निपुणकाकडे गेले.

निपुणक विडा लावीत होता. त्याने चादरीकडे पाहिले आणि नाक मुरडले. "अरे परटा, डाग पडला आहे तर धुऊन काढ. त्यासाठीच तर तुला ठेवलं आहे."

"स्वामी, डाग कापडावरचा नाही. बाई कुजते आहे."

"तिच्या घरी रोज तीन वाट्या बुडतात. एकही चुकलेली नाही. म्हातारपण काय मी आणलं? आणि हे बघ, तू कापडं धू. नाही तर राजवाड्याचं धुणं न्यायला दुसरे दहा जण घाटावर टपून बसलेत."

ज्याचे जळते त्याला कळते, आणि निपुणकाचे काहीच जळत नव्हते. बोधिसत्त्व घरी आले. त्यांनाही चूल होती, लेकरे होती. त्यांनी बायकोला सारे सांगितले. तिने चादर उलगडून पाहिली. मग म्हणाली, "आपली थोरली पायाळू होती. रेवामाय तीन प्रहर माझ्या उशाशी होती. जा तुम्ही. धुणं काय, गावचं मिळेल."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला राजा व्रतस्थ होऊन सभेत बसे, आणि त्याच्या आसनावर शुभ्र चादर अंथरण्याचा मान परटाचा असे. सभा भरली. बोधिसत्त्व पुढे झाले आणि त्यांनी भर सभेत राजाच्या आसनावर रेवेची चादर अंथरली.

सभेत हाहाकार झाला. कुणी नाकाला पदर लावला, कुणी शेला. राजा रागाने म्हणाला, "ही घाण कुणाची?"

"काठ बघावा, महाराज. आपलीच मुद्रा आहे. आपण दिलेली दया आहे ही. रेवा सुईण हिच्यावर महिनाभर निजली होती. मी हिच्यावर आपल्याला क्षणभर बसायला सांगतो आहे, तर सभेला श्वास घेववत नाही."

निपुणक पुढे धावला. "महाराज, काल सर्व घरी वाट्या बुडाल्या!"

"बुडाल्या," बोधिसत्त्व म्हणाले. "मग एक इथंही बुडवावी. महाराजांनी रेवामाय व्हावं. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, मागायचं नाही. अध्यक्षांनी आपल्याच नियमानं सेवा करावी."

राजाने काठावरची आपली मुद्रा पाहिली. मग मुकुट उतरवून तो त्याच चादरीवर आडवा झाला. घंगाळ आले, पेज आली, वाटी पाण्यावर सोडली गेली. निपुणकाने राजाचा अंगरखा काढायला घेतला तर हात बाहीत अडकला. अंग ओले केले तर पाणी मानेवरून पाठीखाली गेले. धडधाकट माणसाचा निश्चल देह केवढा जड असतो, हे त्याला तेव्हा प्रथम कळले. घामाघूम होऊन त्याने एक बाही चढवली, पळी उचलली, पहिला घास दिला, आणि वाटी बुडाली.

"पुसून तरी घेतो..." निपुणक पुटपुटला.

"अध्यक्षमहाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "वाटी बुडाली. निघा."

राजा पडून होता. एक बाही घातलेली, पाठ ओली, हनुवटीवर पेज. त्याने विचारले, "पुढची वाटी केव्हा?"

"दुपारी, महाराज."

राजा उठला नाही. हनुवटीवर माशी बसली, ती त्याने हाकलली नाही. सभा उभी राहिली. ओल्या पाठीला गारठा चढला, मग खाज सुटली, मग ती खाज सहन होईना. दुपारची नौबत झाली तेव्हा तो उठला. बोधिसत्त्वांच्या मागोमाग तो पायी रेवेच्या घरी गेला आणि तिच्या उशाशी बसून तिला पेज भरवू लागला. कोण भरवते आहे हे रेवेला ठाऊक नव्हते. ती घाईने गिळत होती आणि घंगाळाकडे बघत होती.

"माय, सावकाश," राजा म्हणाला. "आज वाटी नाही."

निपुणकाला फटके मारावेत, असे राजाच्या मनात होते. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, फटके दोन दिवसांत विसरले जातात. त्याला एकच घर द्या, हे. आणि सामेला चारांपेक्षा जास्त देऊ नका." तसे झाले. वाट्यांची भोके बुजवली गेली आणि त्यांतूनच म्हाताऱ्यांना पेज दिली जाऊ लागली. निपुणक रेवेची जखम धुवायला शिकला. सामेनेच त्याला शिकवले. पण राजाचे डोळे उघडले म्हणून हाडापर्यंत गेलेली जखम भरत नसते. बाराव्या दिवशी रेवा गेली. बोधिसत्त्वांनी धुतलेल्या चादरीवर गेली, एवढेच.

पुढे बुद्धत्वाला पोचलेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली ती एका वृद्ध भिक्षूच्या खाटेजवळ उभे राहून. त्या वृद्धाच्या सेवेला नेमलेला सुदंत नावाचा भिक्षू रोज त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवी आणि घंटा होताच प्रवचनाला निघून जाई. तांब्या हात पोचणार नाही इतका दूर असे. शास्त्यांनी तो वृद्ध तहानेने ओठ चाटताना पाहिला, स्वतः त्याला पाणी पाजले, आणि मग सर्वांना तिथेच बोलावले.

"भिक्षूंनो," ते म्हणाले, "त्या वेळी निपुणक होता तो हा सुदंत. रेवा म्हणजे हे खाटेवरचे स्थविर. सामा आज भिक्षुणींच्या विहारात आजाऱ्यांची सेवा करते. त्या वेळचा राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा आणि पुन्हा इथे न फिरकलेला श्रेष्ठी. आणि परीट मी होतो. त्या जन्मी मी डाग धुतला असता तर राजवाड्याचे धुणे माझ्याकडे बिनधोक राहिले असते. तो मी न धुता सर्वांपुढे अंथरला. ती सत्याची परिपूर्ती, सत्यपारमिता होय."

प्रवचनाची घंटा झाली. सुदंत निघाला नाही. त्याने तांब्या उचलून खाटेच्या कडेशी, स्थविरांच्या हाताखाली ठेवला, आणि तो त्यांच्या उशाशी बसला.