तीन देशांचे घास

एका राज्यात भाताची शेतं पार क्षितिजाला टेकत आणि सुगीत कोठारांची दारं धड लागत नसत. तिथल्या चित्ररथ राजाकडे दुष्काळी देशाचा मांत्रिक वज्रनाभ बियाणं मागायला आला. राजाने त्याला वेशीवरूनच हाकललं.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात शिजेल त्या भाताचे खडे होतील."

तसंच झालं. झाकण काढावं, तर पातेल्यात वाफाळते खडे. कोठारं भरलेली, माणसं उपाशी. राणी आजारी पडली. तिने पेज मागितली आणि राजकन्या अंशुमतीच्या वाटीत गारगोट्या आल्या.

खिडकीतली मुनिया पक्षीण बोलली, "राजकन्ये, तीन देशांतून भाताचा एकेक घास आण. विकतचा नको, हिसकावलेला नको. देणाऱ्याने आपल्या ताटातला द्यावा. तिन्ही घास राणीच्या ओठी लागले, की शाप सरेल."

मुनिया पुढे, अंशुमती मागे.

पहिला देश बेटाचा. तिथे समुद्रराक्षस शेतांचे बांध फोडी. अंशुमती चिखलात उतरली, बांधाला पाठ लावून उभी राहिली. राक्षस धडका देऊन थकला, परतला. एका म्हातारीने बांबूच्या नळीतला भात तिच्या हातावर ठेवला.

"खा, पोरी."

"आईसाठी नेऊ, आजी?"

"ने हो."

दुसरा देश डोंगराचा. तिथे ढग वाट चुकले होते. अंशुमतीने शिखरावरून मुनियेने शिकवलेली हाक घातली. ढग वळले, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पाणी चढलं. तिथल्या लोकांनी चिकट भाताचा मुटका पानात बांधून दिला.

तिसरा देश वाळूचा. केशर-मनुकांचा भात शिजायचा ती कढई अंगणात पालथी पडली होती. एका बाईने पोरांपुढच्या थाळीतला शेवटचा घास उचलला. "पाहुणी आहेस. घे."

अंशुमतीचा हात पुढे गेला. आईचा सुकलेला चेहरा तिला दिसला. मग पोरांचे डोळे दिसले. तिने हात मागे घेतला, जवळचे दोन्ही घास थाळीत ठेवले आणि तोंड फिरवून रडली.

आतून वज्रनाभ आला. ती बाई त्याची लेक होती.

"रिकाम्या हाताने परतशील?"

"परतेन. इथली भूक बाबांना सांगेन."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"कोठाराची दारं मी उघडेन."

मांत्रिकाने वाळूवर पाणी सोडलं. "शाप मागे घेतला. जा, आईला पेज पाज."

राणी पेज प्यायली, उठून बसली. लेकीचं बोलणं ऐकून राजाची मान खाली गेली. बियाण्याच्या गाड्या निघाल्या, तेव्हा पहिल्या गाडीचे बैल तो स्वतः हाकत होता.

डोंगरावर वळलेल्या ढगांच्या पाण्याने वाळूच्या देशातली आटलेली नदी वाहू लागली, तिच्या काठी भात पिकला. कढई चुलीवर चढली. पंगतीत चित्ररथ वाढायला उभा राहिला आणि वज्रनाभाच्या पानापाशी थबकला.

"अजून वाढू?"

मांत्रिकाने पान पुढे सरकवलं. "वाढा, महाराज."