बिघडल्यावर कोणाच्या दारात

एकदा एका वैद्य स्त्रीला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि त्या एका खरेदीने तिला पुरते जेरीस आणले होते.

तिचे नाव सुगंधा. तालुक्याच्या गावी तिचा दवाखाना होता. ज्यांच्यापाशी बसून ती नाडी बघायला शिकली, ते वृद्ध वैद्य त्र्यंबकशास्त्री त्याच गावात राहत. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले, आवाज क्षीण झालेला. पण बुद्धी अजून अशी लखलखीत, की दूरदूरच्या शहरांतले तरुण वैद्य दर रविवारी संगणकाच्या पडद्यावर जमत आणि गुरुजी त्यांना पाठ देत. लॅपटॉप सुगंधाचा, जोडाजोडी सुगंधाची. गुरुजी फक्त समोर बसत आणि बोलत.

एका रविवारी पाठ ऐन भरात असताना वीज गेली आणि तिच्यामागोमाग लॅपटॉपही गेला. त्याची बॅटरी कधीची फुगली होती. पडदा काळा झालेला गुरुजींच्या अधू डोळ्यांना दिसला नाही. ते आपले बोलतच राहिले. ज्वराची एक अवघड अवस्था त्यांनी त्या दिवशी विलक्षण सोपी करून सांगितली, पण ऐकायला पलीकडे कोणी उरले नव्हते, आणि वीज बघायला बाहेर धावलेल्या सुगंधाला परतताना शेवटचे चार शब्द तेवढे कानी पडले. सुगंधाला ते फार लागले. नवा लॅपटॉप घ्यायचा, आणि असा घ्यायचा की हे पुन्हा घडणार नाही, असे तिने ठरवले.

तिथून तिचे हाल सुरू झाले. दिरांनी एक कंपनी सांगितली, त्यांच्याच मुलाने त्या कंपनीला नावे ठेवली. इंटरनेटवर एकजण छातीठोकपणे सांगे की ही बॅटरी दिवसभर चालते. त्याखालीच कोणीतरी लिहिलेले असे, की जेवणाच्या वेळेपर्यंत टिकली तर नशीब समजा. हमीचे तर विचारूच नका. यंत्राला तीन वर्षांची हमी, पण बॅटरीला एकच. जास्तीचे पैसे भरले तर मुदत वाढे. पण पाणी सांडले तर नाही, हातातून पडले तर नाही, विजेचा दाब वाढून काही जळले तर नाही. "मग हमी देता तरी कशाची?" असे तिने एका विक्रेत्याला फोनवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं कव्हर होतं." बाकी काय उरले, हे त्यालाही सांगता येईना.

असे रविवारमागून रविवार गेले. शिष्यांचे निरोप येत, "पाठ केव्हा सुरू होणार?" सुगंधा उत्तर देत असे, "बघतेय." गुरुजींनीही एकदा तेच विचारले, आणि इतके दिवस दाबून धरलेला तिचा वैताग बाहेर पडला.

"बघतेच आहे हो गुरुजी! कोणावर म्हणून भरवसा ठेवायचा? एक म्हणतो हा घ्या, दुसरा म्हणतो तो घ्याल तर फसाल. डोकं फिरायची वेळ आलीय माझी."

"पण तू शोधतेस काय?"

"न बिघडणारा लॅपटॉप."

"असं काही मिळालं तर मलाही कळव," गुरुजी म्हणाले. "माझे गुडघे बदलून घेईन म्हणतो." मग म्हणाले, "उद्या मीही येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी ती दोघे जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. पहिले दुकान मोठे होते. काचेचे दार, आत गारवा, रांगेत मांडलेले लखलखते लॅपटॉप. गणवेशातला एक विक्रेता हसतमुखाने पुढे आला, त्याने गुरुजींसाठी खुर्ची आणवली, पाणी आणवले. गुरुजींनी ती खुर्ची उचलायला लावली आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे दुरुस्तीच्या तक्रारी घेत, तिथे नेऊन ठेवायला सांगितली. मग विक्रीच्या मालाकडे सरळ पाठ करून ते बसले.

सुगंधा ओशाळली. विक्रेता एकेक यंत्र उघडून दाखवत होता. ती वळूनवळून गुरुजींना हाका मारत होती.

"गुरुजी, इकडे या ना. हा बघा, हलका आहे."

"तू बघ. मी बघतोय."

ते बघत होते एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना. त्या आपला बंद पडलेला लॅपटॉप घेऊन उभ्या होत्या. काउंटरवरच्या तरुणाने यंत्र उघडूनही न बघता सांगितले, "पाणी सांडलं असणार."

"सांडलं नाही हो. घेऊन चार महिने नाही झाले."

"मग चार्जर दुसरा वापरला असेल. आमच्याकडे नाही होणार, कंपनीच्या नंबरवर बोला."

"तिथे कोणी उचलत नाही."

"त्याला आम्ही काय करणार, मॅडम?"

बाई लॅपटॉप पिशवीत घालून निघून गेल्या. इकडे सुगंधाचे मन अखेर एका यंत्रावर बसले होते. इतक्या दिवसांनी तिने पर्स उघडली. तेवढ्यात गुरुजी काठी टेकत उठले.

"चल."

"अहो, पसंत केलाय मी!"

"चल म्हणतो ना."

रस्त्यावर आल्यावर सुगंधाचा संयम सुटला. "गुरुजी, रागवू नका, पण हे काय चाललंय? तुम्ही एकाही लॅपटॉपकडे डोळा उचलून पाहिलं नाहीत, आणि मी घ्यायला लागले तर उठवलंत. तिकडे पोरं खोळंबलीत. तुमच्याच पाठासाठी घेतेय ना मी?"

गुरुजी काठी टेकत निघाले. बाजारपेठेतून हळूहळू चालत ते दुसऱ्या एका दुकानात शिरले. हे दुकान मध्यम आकाराचे होते. मालक बागवान नावाचे गृहस्थ. त्यांच्यासमोर एक माणूस तावातावाने बोलत होता. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी कामातून गेली होती आणि तो सगळा राग मालकावर काढत होता.

"आम्हाला नवीन लॅपटॉप घ्यायचाय," सुगंधा म्हणाली.

"बसा ताई. यांचं आधी करतो," बागवान म्हणाले आणि पुन्हा त्या रागावलेल्या माणसाकडे वळले.

सुगंधा गुरुजींच्या कानाशी पुटपुटली, "बघा! गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि यांना त्याचं काही नाही." गुरुजींचे लक्ष नव्हते. ते पुढे झुकून ऐकत होते.

बागवानांनी लॅपटॉप उघडला, तपासला. "बॅटरी गेलीय खरी. पण हमीची मुदत संपलीय, कंपनी फुकट नाही देणार. मागवून देतो, आठवडा तरी जाईल."

"आठवडाभर मी काय करू? हिशेब तुंबतील माझे!"

बागवानांनी मागच्या फळीवरून एक जुना, कोपरा उडालेला लॅपटॉप काढला. "तोवर हा न्या. दिसायला असा आहे, पण चालतो. आणि चार्जर रात्रभर लावून ठेवू नका." तो माणूस अजून धुसफुसतच होता; आभारही न मानता तो लॅपटॉप घेऊन गेला. बागवानांनी त्याचे काही मनाला लावून घेतले नाही.

मग ते सुगंधाकडे वळले. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "बॅटरी किती वर्षं टिकेल?"

"दोन-तीन वर्षांनी कोणतीही उतरते, ताई. खोटं कशाला सांगू? बदलता येते का आणि आपल्याकडे मिळते का, एवढं बघून घ्या."

"इथेच घे," गुरुजी म्हणाले.

"अहो पण कोणता?"

"ते त्यांना विचार."

तिने विचारले, आणि बागवानांनी तिचे काम काय हे नीट ऐकून एक साधासा लॅपटॉप पुढे ठेवला. गंमत अशी, की तो त्याच कंपनीचा होता, जिचा ती मघाशी घेत होती. हमीचा कागदही तोच, शब्दन् शब्द तसाच.

परतीच्या गाडीत तिने मांडीवरच्या खोक्यातून हमीचा कागद काढून पुन्हा वाचला. शेवटी म्हणाली, "गुरुजी, कंपनी तीच, कागद तोच. तिथे तर गारव्यात बसून घेता आला असता. इतकी पायपीट कशासाठी केली आपण?"

गुरुजी म्हणाले, "तू न बिघडणारी वस्तू शोधत होतीस. घडलेली प्रत्येक वस्तू बिघडणारच, तो तिचा धर्म आहे. न बिघडणारी शोधून काय मिळणार? म्हणून मी वस्तू पाहिलीच नाही. विकताना प्रत्येकाचं तोंड गोड असतं. दिलेलं बिघडून परत आलं म्हणजे त्याच तोंडावर काय उमटतं, ते मी पाहत होतो. एकानं न बघताच दोष माणसावर ढकलला. दुसऱ्यानं शिव्या ऐकल्या, पण यंत्र उघडलं. कागदावर लिहिलेली हमी दोघांकडे सारखीच आहे. पण ती पाळायला कोणीतरी माणूस लागतो, सुगंधे. विश्वासू म्हणजे ज्याचं कधी चुकत नाही तो नव्हे. चुकल्यावर जो तोंड फिरवत नाही, तो."

सुगंधाला ते पटले, आणि तरीही हे त्यांनी सकाळीच सांगितले असते तर काय बिघडले असते, असेही तिला वाटून गेले. रविवारी पाठ सुरू झाला. गुरुजींनी ज्वराचा तो भाग पुन्हा सांगितला. पहिल्या वेळेइतका सोपा तो आता त्यांना करता आला नाही; ते मध्येमध्ये अडखळत होते, आणि सुगंधा मान खाली घालून लिहून घेत होती.

सोमवारी दवाखाना भरलेला होता. दुपार होत आली तेव्हा गावच्या शाळेतल्या एक शिक्षिका आत आल्या. हातांवरचे चट्टे दाखवत त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "तुमच्या औषधानं काहीएक फरक नाही. उलट वाढलंय."

सुगंधाच्या ओठांवर वाक्य तयार होते. इतक्या वर्षांत ते इतक्यांदा बोलून झाले होते, की त्यासाठी विचार करावा लागत नसे. 'पथ्य पाळलं नसेल तुम्ही.' बहुतेक वेळा ते खरेही असे. रुग्ण खजील होई, निघून जाई. त्यांतले किती पुन्हा आलेच नाहीत, हे तिला त्या क्षणी प्रथमच जाणवले, आणि तिचे कान तापले.

तिने ते वाक्य गिळले. खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचे हात उजेडात घेतले.

"बसा," ती म्हणाली. "कदाचित माझंच काही चुकलं असेल. पहिल्यापासून सांगा."