वेशीतलं शेण

गोष्टी सांगणं हा काय माझा धंदा आहे? पण तुम्ही पिच्छा सोडत नाही, तर ऐका.

फार वर्षांमागं हॉलंडात, नदीकाठी एक बंदराचं शहर होतं. मनोऱ्यावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी पत्र्याचा कोंबडा वेशीजवळच्या शेणाला म्हणायचा, "गलबतं मला बघून येतात. तू लांब सर, घाणेरड्या!"

एकदा नदी वेशीला भिडली. लोकांनी दरवाजात फळ्यांच्या दोन भिंती घातल्या, तरी फटींतून पाणी आत येऊ लागलं. फळ्या ओरडल्या, "शेणोबा, आमच्या मधे या, नाहीतर शहर बुडालं!"

"घाणेरडं तर घाणेरडं, पण शहर माझं आहे!" म्हणत शेण दोन भिंतींमधे ठासून बसलं. तीन दिवस नदी रेटत राहिली. थेंब आत आला नाही.

चौथ्या दिवशी शेणानं ताठ मानेनं वर पाहिलं. कोंबड्यानं तोंड फिरवलं. माफी काही मागितली नाही.

मला शेणगोळा म्हणणाऱ्या बबन सोनटक्क्यानंही अजून मागितलेली नाही.