दिवाणजींचं लाकडी डोकं

भर दरबारात महाराजांची नवी पगडी घसरून थेट नाकावर आली! भोवरगडाच्या गजेंद्रमहाराजांनी ती चाचपडत वर केली आणि पगड्या बांधणाऱ्या भानोजीला बोलावलं.

भानोजी पगडी बांधायचा कालबुतावर. कालबूत म्हणजे ज्याच्या त्याच्या मापाचं लाकडी डोकं. महाराजांपासून मानकऱ्यांपर्यंत सगळ्यांची डोकी वाड्याच्या तळकोठीत असत. पावसाळ्यात तिथं भिंती पाझरत आणि लाकूड ओल पिऊन फुगे. टकल्या दिवाणजींच्या कालबुतावर तर बुरशीचे पांढरे केस उगवले होते. फुगलेल्या लाकडावर बांधलेली पगडी खऱ्या डोक्याला ढगळ होणारच.

भानोजीनं कोठीत शेगडी मागितली. दिवाण विश्वासपंत कडाडले, शेजारी दारूगोळा आहे, विस्तव नेलास तर गड उडेल. मग कालबुतं घरी चुलीवरच्या माळ्यावर ठेवू का, असं भानोजीनं विचारलं.

"माझं डोकं वाड्याबाहेर जाणार नाही," महाराज म्हणाले. "आणि दसऱ्याची पगडी बोटभर जरी घसरली, तर तू गड सोडायचा."

भानोजी घरी जाऊन बोचकं बांधू लागला. त्याची लेक ठकू मात्र दरबारात डोकावून आली. पावसाची झड लागली की मानकऱ्यांना पडसं होई. महाराज दरबारात स्वतःच्या कविता वाचत, हे त्या पडशाचं खरं कारण! गाद्या रिकाम्या आणि शेगड्या मात्र धगधगलेल्या.

ठकूनं प्रत्येक गादीवर लोड उभा केला, त्यावर ज्याचं त्याचं कालबूत ठेवलं, वर पगडी चढवली, खाली उपरणं गुंडाळलं. महाराजांचं कालबूत सिंहासनामागं दडवलं. महाराजांना लांबचं नीट दिसत नसे. त्यांनी वाचायला सुरुवात केली, तर कुणी जांभई दिली नाही की कुणी खोकलं नाही. महाराज इतके खूश झाले, की पावसाळाभर रोज वाचत राहिले.

दसऱ्याला पगडी डोक्यावर चपखल बसली. खुशीत येऊन महाराजांनी पंतांच्या खांद्यावर शाल घातली.

"पंत, अख्खा पावसाळा तुम्ही माझ्या कविता किती शांतपणे ऐकल्यात!"

"मी? मी तर पडशानं घरीच होतो."

दरबारात कुजबुज सुरू झाली. घाबरलेल्या भानोजीनं सगळं सांगून टाकलं. पंत लालबुंद झाले आणि या कार्टीला गडाखाली हाकला म्हणून ओरडू लागले. महाराजांच्याही कपाळाला आठी पडली आणि त्यांनी ठकूला पुढं बोलावलं.

"काय गं, हुकूम मोडलास?"

"नाही महाराज. कोठीत विस्तव नेला नाही, कालबूत वाड्याबाहेर काढलं नाही. विस्तव होता तिथं लाकूड नेऊन बसवलं."

"आणि मला फसवलंस, त्याचं काय?"

"फसवीन कशी? मी कुणाला दिवाण म्हटलंच नाही. दिवाणजी नव्हते तरी तुमचा कारभार चालला आणि तुम्हाला फरक कळला नाही, यात लाकडाचा काय दोष?"

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, मग पोट धरून हसत सुटले. पगडी तसूभर हलली नाही! त्यांनी पंतांच्या खांद्यावरची शाल काढून ठकूला दिली, वर सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि भानोजीची चाकरी कायमची केली. दर पावसाळ्यात कालबुतं दरबारातच बसतील, असा हुकूमही झाला.

"मग आम्ही कुठं बसायचं?" पंतांनी पडक्या आवाजात विचारलं.

"कालबुताशेजारी," महाराज म्हणाले. "पण कविता चालू असताना जांभई आली, तर तळकोठी रिकामी आहे!"