भूपालचं इंजिन आणि त्रिशलाची पाठवणी

नदीकाठच्या एका गावात भूपाल मगदूम नावाचा एक शहाणा राहायचा. शहाणा म्हणजे, त्याचा तोच म्हणायचा. गावानं कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

त्याच्या वडिलांची, आण्णांची, एक जुनी गाडी होती. दुधाच्या रंगाची, गोल पाठीची. दार लावलं की डब्यावर झाकण बसल्यासारखा आवाज यायचा. आण्णा ती इतकी हळू चालवायचे, की शेजारनं सायकलवाला गप्पा मारत जाई. धाकटी त्रिशला त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची. आण्णा म्हणायचे, "पोरी, ह्याच गाडीतनं तुला सासरी पोचवतो बघ."

पुढं आण्णा गेले. गाडी राहिली, आणि तो शब्द भूपालच्या गळ्यात आला. त्यानं बहिणीला सांगितलं, "आण्णा न्हाईत म्हणून काय झालं? मी पोचवतो. ह्याच गाडीतनं." पोरीला तेवढंच हवं होतं. बाकी कशाचा हट्ट तिनं धरला नाही.

तिचं लग्न ठरलं. आणि नेमका तेव्हाच ह्याच्या डोक्यात किडा शिरला.

किडा सोडला शेजारच्या सुकुमार चौगुल्यानं. बायपासवर मागनं आला, भर्रकन पुढं गेला आणि खिडकीतनं हात काढून टाटा केला. बरं, केला तर केला. टाटा केल्यानं काय अंगाला भोकं पडतात? पण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तो वर आणखी म्हणाला, "काय भूपालदा, गाडी पळती का ढकलायला माणसं पाठवू?"

झालं! भूपाल घरी येऊन म्हणाला, "आई, गाडीच्या इंजिनातलं सगळं नवं घालणार. त्या सुकुमारला धूळ चारणार."

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "आधी लग्नाचं बघ. धूळ काय, पावसाळ्यापर्यंत हायच."

ऐकतोय कशाला!

आता इंजिनात असतं काय, तेही ऐका, नाहीतर उगाच माना हलवत बसाल. उखळात मुसळ खालीवर होतं, तसा नळकांड्यात पिस्टन खालीवर होतो. पेट्रोल आत यायला एक दार, धूर बाहेर जायला दुसरं. ह्या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. कुठलं दार कधी उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरवणारा एक उंचवट्यांचा दांडा असतो, तो कॅम. घरात सासू असते ना, तसा. ह्या सगळ्यांचं आपसात पटलं तर गाडी चालते. नाहीतर दिवसभर भांड्याला भांडं.

भूपालनं सल्ला घेतला. कुणाचा? ज्यांना गाडीत बसायचं होतं त्यांचा नाही. चहाच्या गाड्यावरच्या दोस्तांचा!

पहिला दोस्त सरळ रस्त्यावर शर्यत मारणारा. तो म्हणाला, "भावा, उंच डोक्याचे पिस्टन घाल. पेट्रोल असं दाबतात, की आत बाँबच फुटतोय." त्याची गाडी शर्यतीचं भारी पेट्रोल प्यायची. गावच्या पंपावर मिळतं साधं, ते एवढ्या दाबाला वेळेआधीच पेटतं. हे त्यानं सांगितलं नाही, ह्यानं विचारलं नाही.

दुसरा चिखलातल्या शर्यतीतला. "कॅम रेसचा घाल. दारं सताड उघडी ठेवतोय बघ. नादच खुळा!" तो गडी एकदा बसला, की शर्यत संपेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत नसे. त्याला काय जातंय सांगायला?

तिसऱ्यानं व्हॉल्व्हची दारं मिटवणाऱ्या स्प्रिंगा सुचवल्या. इतक्या कडक, की तालमीतल्या पोरांनाही दाबता येईनात.

एकाचं धोतर, दुसऱ्याचा कोट, तिसऱ्याच्या वहाणा. असा नवरदेव मांडवात उभा केला तर लोक अक्षता टाकतील का दगड? पण ह्याचा हिशोब वेगळा. एकेक वस्तू भारी, म्हणजे सगळं मिळून लई भारी!

मेस्त्रीनं एकदा विचारलं, "ह्यांचं एकमेकांत जमंल का?"

भूपाल म्हणाला, "उंची माल हाय. न जमायला काय झालं?"

मेस्त्रीनं विडी विझवली आणि बसवायला घेतलं. गिऱ्हाईकाचं डोकं दुरुस्त करायचं काम त्याच्याकडं नव्हतं.

जुनं सामान भंगारवाल्यानं नेलं. एक पिस्टन तेवढा आईनं ठेवून घेतला. धुतला, पुसला, आण्णांच्या फोटोपुढं मांडला आणि त्याच्या भोकात उदबत्ती खोवली.

त्रिशला म्हणाली, "दादा, ह्या गाडीत शालू नेसून बसता येईल ना?"

"बसता? उडता येईल!"

आणि खरंच सांगते, बायपासवर ती गाडी उडाली. विळ्यानं गवत कापावं तसा रस्ता कापला. सुकुमारला मागं टाकलं. ह्यानं खिडकीतनं हात काढून टाटासुद्धा केला. झालं ना बाबा समाधान? तिथंच थांबायचं होतं. पण थांबणं हेच तर त्या गाडीला येत नव्हतं.

गल्लीत आणली, तशी ती हीव भरल्यासारखी थडथडायला लागली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद. पाय ठेवला की अख्खी आळी कानात बोटं घालून दारात. वाऱ्यासारखं पळताना तो कॅम शोभतो. हळू चालताना मात्र आत आलेलं पेट्रोल जळायच्या आधीच बाहेर. पुढचं-मागचं दार सताड टाकून चूल पेटवा बघू वाऱ्यात!

आई म्हणाली, "अरे, ही उभी का राहत न्हाई?"

"उभी राहायला बनवलीच न्हाई ती!"

"मग आम्ही चढायचं कसं? उडी मारून?"

त्रिशलाला हसू आलं नाही. ती हळूच म्हणाली, "दादा, जुनं परत बसव की."

"जुनं गेलं भंगारात. आणि तू कशाला घाबरतीस? वरात असती ती कितीशी?"

वरात कितीशी असती! जन्म गेला ह्या मुलखात, आणि हा विचारतो वरात कितीशी असती! बँडवाले एक पाऊल पुढं टाकतात, दोन मागं. नवरदेवाचे मामा नाचायला लागले, की घड्याळ दमतं पण मामा दमत नाहीत. त्या वरातीत गाडीनं गोगलगाईसारखं चालायचं असतं. आणि ह्यानं आणला होता चित्ता.

लग्न लागलं. जेवणं झाली. झेंडूच्या माळा लावलेल्या गाडीत नवरानवरी बसली. आई पुढं बसली, पदरात आण्णांचा फोटो घेऊन. भूपालनं फेटा सावरला आणि गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणावर आवाज झाला, फाट्! ढोलवाला उडाला. वऱ्हाडी मंडळींना वाटलं फटाके. टाळ्या पडल्या. "मगदुमांनी खर्च केलाय हां!" पुन्हा फाट्! पुन्हा टाळ्या. भूपालच्या कपाळावरनं घाम निथळत होता. ऊन वरनं, इंजिन खालनं. त्यात ते साधं पेट्रोल आणि उंच डोक्याचे पिस्टन. आतनं ठकठक, ठकठक, जणू कुणी कोंडलेला माणूस दार वाजवतोय.

पुलाच्या चढापाशी गाडीनं एक शेवटचा हुंदका दिला आणि ती गप झाली.

चावी फिरवली. नाही. पुन्हा फिरवली. नाही. धक्का मारायला माणसं आली, चढावर दमली, खाली बसली. बँडवाल्यानं एक गाणं संपवलं, दुसरं संपवलं, मग तो कपाळ पुसत उभा राहिला. पुलाच्या पलीकडं सासर. सासरच्या दारात बायका आरत्या घेऊन ताटकळलेल्या.

नवरदेवाचे मामा आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सूनबाई, असू दे. आमची गाडी हाय मागं. चला, तिच्यात बसा."

भावाला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून त्रिशलानं डोळ्यांतलं पाणी आत लोटलं. पुढच्या सीटच्या पाठीवरनं एकदा हात फिरवला. आणि दार उघडून एक पाय बाहेर टाकला. पायात नवी जोडवी.

भूपालला ती जोडवी दिसली. आणि बघा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी दिसलं.

तो खाली उतरला. वरातीत सगळ्यात मागं सुकुमार चौगुल्याची गाडी होती. साधी, आहे तशी, आतलं काहीही न बदललेली. गावचा म्हणून तोही वरातीला आलेला. सगळं बघून गालात हसत बसला होता. हसणारच! त्याच्या जागी तुम्ही असता तर सीटवरनं खाली पडला असता.

भूपाल त्याच्या खिडकीपाशी गेला. ज्या हातानं टाटा केला होता, तो धरून दोन्ही हात जोडले.

"सुकुमार, दोर हाय का?"

सुकुमारचं हसू जरा अडलं. "हाय. पण भूपालदा, विचार कर. सगळं गाव बघतंय. उद्या टाकीपाशी म्हणतील, मगदुमाची गाडी चौगुल्याच्या मागनं गेली. दोरानं."

"म्हणू दे."

"मी पण म्हणणार हां!"

"तू तर आधी म्हण. फक्त हळू चल, लेका. बहीण बसलीय."

सुकुमारनं गाडी पुढं घेतली. भूपाल नव्या धोतरानिशी मातीत गुडघ्यावर बसला आणि दोराची गाठ त्यानं स्वतः मारली. मग बहिणीचा बाहेर आलेला पाय बघून म्हणाला, "आत घे. पोचवतो म्हटलंय ना?"

दोर ताणला. गाडी हलली. बँडवाल्यानं पुन्हा सूर धरला. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी शेजाऱ्याच्या दोराला बांधून, गोगलगाईच्या चालीनं पुलावर चढली. पोरं शेजारनं चालत होती आणि खिडकीत डोकं घालून नवरीला चिडवत होती.

आत आवाज नव्हता. थडथड नाही, ठकठक नाही. खालचं नदीचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. भूपाल मान खाली घालून नुसतं स्टिअरिंग धरून बसला होता. त्याला वाटलं, आता बहीण काहीतरी बोलणार. बोलली असती तरी चाललं असतं. बोलायला जागा भरपूर होती.

मागनं त्रिशला म्हणाली, "दादा, आण्णा अशीच चालवायचे."

आईनं पदरातला फोटो जरा वर धरला, समोरचा रस्ता दिसेल असा.

एवढे उंची पिस्टन, तो रेसचा कॅम, त्या पैलवानी स्प्रिंगा. आणि पोरीला पाठवणीत काय हवं होतं? इंजिन बंद! देवा, कपाळ बडवून घ्यावं तर आपलंच दुखायचं.

तात्पर्य: गाडीच्या पोटात काय घालायचं हे पुढं जाणाऱ्याकडं बघून ठरवू नये, आपल्या गाडीत कोण बसणार ते बघून ठरवावं, आणि चुकलंच, तर दोर मागायला लाजू नये.