सरदारांची छुपी पिस्तुलं

सरदार भानजीरावांना छुपी पिस्तुलं जमवायचा भारी नाद. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी सदरेवर छडी, बासरी, चिलीम, कुलूप आणि अत्तरदाणी मांडली आणि सोनाई लोहारणीला बोलावलं.

"फार हुशार म्हणवतेस ना? यातलं एक पिस्तूल आहे. हात न लावता ओळख. चुकलीस तर तुझा भाता कायमचा बंद! आजवर एकालाही ओळखता आलेलं नाही."

सोनाई जराशी वाकली आणि हसली. "चिलीम, सरकार."

सरदारांचा चेहरा उतरला. "कुणी फोडलं गुपित?"

"तुम्हीच! काल खंडेनवमीला शस्त्रं पुजलीत, त्याचं कुंकू चिलमीला अजून तसंच आहे. माणसांना फसवलंत, सरकार. देवीला फसवायची मात्र छाती झाली नाही!"